आखाजीला सुरू केलेलं इंजिन आणि घासून गोल झालेले दोन लोब

हे प्रकरण चोपडा तालुक्यातल्या एका केळी-कापसाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं आहे. इंजिन तीन सिलिंडरचं, जुन्या धाटणीचं डिझेल. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, ब्लॉकमध्ये; त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब. लोबांवर सपाट तोंडाचे टॅपेट, वर पुशरॉड आणि रॉकर; लोबाची उचल यांच्यातून व्हॉल्व्हपर्यंत पोचते. इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलं आणि पुढच्या पन्नास-साठ तासांतच नव्याकोऱ्या कॅमशाफ्टचे सहापैकी दोन लोब घासून गोल झाले. दुसऱ्यांदा इंजिन उघडताना मला बोलावलं होतं. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. बांधणी करणारा मिस्तरी अनुभवी आणि हाताचा स्वच्छ. हे मुद्दाम सांगतो, कारण असं काही झालं की पहिलं बोट मिस्तरीकडे जातं आणि मग खरं कारण शोधायचं राहून जातं.

केळीच्या कांदेबाग हंगामाची लागवड उरकल्यावर इंजिन उतरवलं होतं. धूर मारत होतं, ऑइल खात होतं. लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या), पिस्टन, रिंगा, क्रँकची मेन आणि बिगेंड बेअरिंग, कॅमशाफ्ट, सहाही टॅपेट नवे घेतले. क्रँक जळगावला घासून आणला. मिस्तरीने टॉर्क पाना वापरला, रिंगांचे गॅप मोजले, बेअरिंगचा क्लिअरन्स तपासला. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत ब्लॉक बंद झाला. मग एफआय (डिझेल इंजेक्शन) पंप दुरुस्तीला गेला तो तिकडेच अडकला. केळीचे पैसेही यायचे होते. इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तसंच उभं राहिलं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. आमच्याकडे चैत्रातल्या दुपारी पत्र्याखालच्या लोखंडाला हात लावता येत नाही.

पंप आला, ट्रॅक्टर जोडला गेला, आणि मुहूर्त ठरला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात आखाजी म्हणजे सालाचा दिवस. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, त्याच दिवशी ठरतात, शेतीचं नवं साल तिथून धरतात. नवं इंजिन त्या दिवशी सुरू करावं असं नानांना वाटलं, यात काहीच वावगं नाही. नारळ फुटला, चावी फिरली, इंजिन लागलं. कोणीतरी म्हणालं, नवं इंजिन आहे, रेस देऊ नका, हळूहळू फिरू द्या. ट्रॅक्टर अंगणात आयडलिंगवर सोडून मंडळी घागरीच्या पूजेला आणि तिथून आमरसाच्या पंगतीला गेली. पाऊण-एक तास इंजिन सहा-सातशेच्या फेऱ्यांवर एकट्याने धडधडत होतं.

आठवड्याभरात टकटक सुरू झाली. मिस्तरी आला, ऐकलं आणि म्हणाला, "हाऊ आवाज टॅपेटनाच शे, नाना." फिलर गेज घालून टॅपेटचा क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, बसवला, आवाज गेला. रोटाव्हेटरचं काम सुरू झालं, आवाज परत आला. पुन्हा सेटिंग, पुन्हा आवाज. तोवर पिकअप पडलं होतं. बागायती कापसाच्या लागवडीसाठी रान तयार करायचं होतं आणि ट्रॅक्टर आधीच्या गिअरमध्ये रोटाव्हेटर ओढेना.

इथे थोडं थांबायला हवं, कारण निदानाची किल्ली इथेच होती. लोबचं फक्त नाक झिजलं, तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, ताकद जाते, पण टॅपेटचा क्लिअरन्स बदलत नाही. क्लिअरन्स आपण लोबच्या गोल पाठीवर मोजतो आणि ती पाठ शाबूत असते. क्लिअरन्स पुन्हा पुन्हा वाढतो याचा अर्थ टॅपेटचं तोंडही खाल्लं जातंय. सेटिंग आठवडाभर टिकत नसेल, तर स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा रॉकर कव्हर काढून उचल मोजणारा डायल गेज लावावा. मी पुशरॉडच्या टोकावर गेज लावून क्रँक हाताने फिरवला. चार पुशरॉड सारखे उचलत होते. दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट आणि तिसऱ्याचा इनलेट उरलेल्यांपेक्षा एक-दीड मिलिमीटर कमी उचलत होते. ऑइल फिल्टर कापून उलगडला तर कागदाच्या घड्यांत चकाकणारी कणी सापडली. चुंबक फिरवला, ती उभी राहिली. म्हणजे लोखंड.

मग इंजिन उतरवलंच.

उघडल्यावर काय दिसलं

टॅपेट हातात घेतले. सपाट टॅपेट म्हणतो खरा, पण नव्या टॅपेटचं तोंड अगदी सपाट नसतं, मधे केसभर फुगीर असतं. लोबही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला मधोमध न लागता थोडा कडेला लागतो आणि प्रत्येक उचलीबरोबर टॅपेट स्वतःभोवती फिरतो. हे फिरणं थांबलं की टॅपेट एकाच रेषेवर घासत राहतो. मग तो लोब वाचत नाही. दोन नवे टॅपेट तोंडाला तोंड लावून उजेडासमोर धरले तर कडेने फट दिसते आणि ते डुलतात. नानांच्या इंजिनातले खराब झालेले दोन असे धरले तर कडेने फट नव्हती, डुलणंही नव्हतं, कडा चिकटलेल्या. तोंड वाटीसारखं आत गेलेलं. उरलेल्या चारांवर गोल-गोल बारीक वळणं होती, म्हणजे ते फिरत होते. या दोघांवर आडवे, एकाच दिशेचे ओरखडे.

आता कॅमशाफ्ट. माल हलका निघाला, अशी सगळ्यांची पहिली शंका होती. न झिजलेल्या लोबच्या कडेवर कानस फिरवून पाहिली, ती धरत नव्हती, सटकत होती. कडकपणा होता. क्रँकची बेअरिंगं काढून पाहिली तर ऑइल न मिळाल्याची एकही खूण नाही. कणी थोडी रुतली होती, ती कॅमची. त्यामुळे ऑइल पंप आणि प्रेशरही निर्दोष. लायनर मात्र काही ठिकाणी काचेसारखे चमकत होते, होनिंगच्या, म्हणजे आतून घासून मुद्दाम काढलेल्या, तिरक्या रेघा बुजायला लागल्या होत्या.

आणि मग एक गोष्ट नजरेत भरली. दोन लोबांच्या मधला शाफ्टचा भाग काळसर-करडा, मळका दिसावा तसा. तोच रंग लोबांवर कुठेही नव्हता, अगदी टॅपेट जिथे पोचतच नाही त्या कडेच्या पट्टीवरही नव्हता. तिथे भोवताली फिरलेल्या बारीक रेघा होत्या. पॉलिश पेपरच्या. शेडमधल्या पोराला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं: शाफ्ट काळा पडलेला वाटला, गंज असेल म्हणून झिरो नंबरने लोब चकचकीत केले.

तो गंज नव्हता. तो मँगनीज फॉस्फेटचा थर होता. कारखान्यात रसायनाच्या टाकीत बुडवून तो मुद्दाम चढवतात. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यात ऑइल धरून राहतं, आणि सुरुवातीच्या घासणीत धातूला धातू चिकटायच्या आधी हा थर मधे येऊन स्वतः झिजतो. पोराने काम मन लावून केलं होतं. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

झिंकचा वाद

नानांचा मुलगा पुण्याला असतो. नव्या इंजिनाला चांगलं काही घालावं म्हणून त्याने महागडं, पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३० पाठवलं होतं, पेट्रोल गाड्यांचं, एपीआय या अमेरिकन संस्थेने ठरवलेल्या एसएन दर्जाचं. इंजिन उघडल्याची बातमी पसरली तसे गॅरेजवाले, ऑइलवाले, पाहुणे सगळे एकाच निष्कर्षावर आले: ऑइलमध्ये झिंक कमी होतं, म्हणून कॅम गेला.

यात तथ्य आहे, पण जेवढं मानतात तेवढं नाही. झिंक म्हणजे झेडडीडीपी, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. १९४०च्या दशकापासून ते इंजिन ऑइलमध्ये आहे. सुरुवातीला ऑइल खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून घालत, घासणीपासूनचं संरक्षण नंतर लक्षात आलं. खरं काम त्यातला फॉस्फरस करतो. उष्णता आणि रगड मिळाली की तो लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा पापुद्रा चढवतो. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी त्याची जाडी. पण हाच फॉस्फरस पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०६ ते ०.०८ टक्क्यांच्या मधे बांधून दिला. २०१० च्या एसएनमध्येही तेच बंधन. जड डिझेलच्या ऑइलला अधिक मोकळीक आहे. २००६ च्या सीजे-४ या डिझेल दर्जात वरची मर्यादा ०.१२ टक्के आहे. म्हणजे नानांच्या इंजिनात गेलेल्या ऑइलमध्ये हे संरक्षण डिझेल ऑइलच्या मानाने कमी होतं, शिवाय ते पातळही. १०० अंशांना ३० ग्रेडची घट्टता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ची १२.५ ते १६.३. आमच्या उन्हाळ्यात आणि या इंजिनात ४०च हवं होतं.

तरीही ऑइलला मी चौथा क्रमांक देतो.

कारण झिंकचा पापुद्रा तयार सापडत नाही, तो चढावा लागतो. त्याला तापमान लागतं, वेळ लागतो. लोब आणि टॅपेट मात्र पहिल्या फेरीपासून एकमेकांवर दाबले जातात, आणि संपर्काची पट्टी इतकी अरुंद की दाब चौरस सेंटिमीटरमागे कित्येक टनांत जातो. नव्या भागांवर मशीनिंगचे सूक्ष्म उंचवटे असतात, ते अजून बसलेले नसतात. ऑइलमधलं झिंक कामाला लागेपर्यंत त्या पट्टीवर दुसरं काहीतरी आधीपासून असावं लागतं. फॉस्फेटचा थर हे पहिलं. बांधणीच्या वेळी लावलेली पेस्ट हे दुसरं.

पेस्टमध्ये काय असतं हे मिस्तरी मंडळींना नीट सांगितलं जात नाही. म्हणून सांगतो. मुख्य घटक मॉलिब्डेनम डायसल्फाइड, करड्या-काळ्या रंगाची घन पूड. तिची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, एकावर एक सरकणारे थर. दाबाखाली ती पिळून निघून जात नाही, धातूवरच पसरते. तिला पापुद्रा चढवायला उष्णतेची वाट पाहावी लागत नाही. हवेत साडेतीनशे अंशांच्या आसपासपर्यंत ती टिकते. ही पूड घट्ट ऑइलमध्ये किंवा ग्रीसमध्ये कालवलेली असते. काही पेस्टमध्ये सोबत झेडडीडीपी आणि जास्त दाबाला टिकणारी गंधक-फॉस्फरसची संयुगं असतात, काहींत चिकटपणासाठी पॉलिमर. हा चिकटपणा नानांच्या प्रकरणात सर्वांत मोलाचा ठरला असता. मिस्तरीने लोबांवर कॅनमधलं साधं इंजिन ऑइल लावलं होतं. आज बांधून उद्या सुरू करायचं असतं तर ते कदाचित निभावलं असतं. अडीच-तीन महिने, तेही तापलेल्या पत्र्याखाली, ते ऑइल निथळून तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जाणारच होतं. थर घासलेला, ऑइल उतरलेलं: आखाजीच्या दिवशी लोब जवळजवळ कोरडे होते.

त्यावर आयडलिंग. अशा इंजिनांत लोबांना ऑइल मुख्यतः क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या उडवणीतून मिळतं. फेऱ्या कमी, उडवण कमी. शिवाय हळू फिरताना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा भार लोबच्या नाकावर येतो. वेग वाढला की टॅपेट, पुशरॉड, व्हॉल्व्ह यांच्या जडत्वामुळे त्यातला काही भार नाकावरून कमी होतो. त्यामुळे "रेस देऊ नका" हा सल्ला नव्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला पहिल्या वीस मिनिटांत घातकच. लायनर चमकले तेही यातूनच. रिंगा लायनरवर बसायला सिलिंडरमधला दाब लागतो, दाबाला लोड लागतो. बिनलोडाचं इंजिन तासभर फिरवलं की लायनरला झिलई येते.

थोडक्यात माझा क्रम असा: घासलेला थर, निथळलेलं ऑइल, पाऊण तासाचं आयडलिंग, आणि मग चेंबरमधलं ऑइल. पहिले तीन टळले असते तर त्या महागड्या ऑइलवरही हा कॅम बहुधा वाचला असता. उलट, पहिले तीन तसेच राहून चेंबरमध्ये उत्तम डिझेल ऑइल असतं तरी वाचण्याची मला खात्री वाटत नाही.

दुसरी बांधणी

कॅमशाफ्ट नवा, टॅपेट सहाही नवे. चार टॅपेट चांगले आहेत, दोनच घेऊ, असं सुचवलं गेलं. ते मी ठामपणे नाकारलं. वापरलेला टॅपेट आपल्याच लोबशी जुळलेला असतो, नव्या लोबवर तो नीट फिरत नाही. बेअरिंगं बदलली, ऑइलचे मार्ग तार आणि हवेने साफ केले, चेंबर धुतलं, लायनर हलक्या हाताने पुन्हा होन केले.

कॅम पेटीतून काढला तेव्हा त्याचा काळा थर पोराला दाखवला. त्याने तो फक्त डिझेलने धुऊन पुसला. लोबांवर आणि टॅपेटच्या तोंडावर मॉलिब्डेनमची पेस्ट, बोटाने चोळून, पातळ आणि पूर्ण. ढीग लावायची गरज नाही, जादा माल शेवटी फिल्टरमध्येच जातो. टॅपेटच्या अंगाला पेस्ट नाही, साधं ऑइल, म्हणजे तो मोकळा फिरतो. बेअरिंगांना चिकट असेंब्ली ऑइल. लायनर आणि रिंगांना फक्त इंजिन ऑइलचा हात. तिथे मॉलिब्डेनम लागलं तर रिंगा बसायला हवं तेवढं घर्षणच उरत नाही. हेडच्या आणि बिगेंडच्या बोल्टांनाही पेस्ट लावू नये, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. आटे जास्त गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

शेडमध्ये दोन डबे जवळ होते आणि दोन्हींबद्दल विचारणा झाली. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस लोबांना चालेल का? नको. त्यातला साबण ऑइलमध्ये नीट विरघळत नाही, फिल्टर आणि बारीक मार्ग अडवू शकतो. गिअरचं ९० नंबरचं ईपी (जास्त दाबासाठीचं) ऑइल? त्यातलं गंधक दाबाला चांगलं, पण पितळी बुशांवर काम करू शकतं. इंजिनासाठीची पेस्ट मिळत असताना हा धोका कशाला घ्यायचा?

चेंबरमध्ये साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं डिझेल ऑइल घातलं. वरून झिंकची बाटली ओतायची का, हा प्रश्न आलाच. मी नाही म्हणालो. या ऑइलमध्ये ते पुरेसं असतं. ठरावीक प्रमाणापुढे वाढवलेलं झेडडीडीपी संरक्षण वाढवत नाही, उलट लोखंडावर वाईट परिणाम करू शकतं. आणि ऑइलमधले डिटर्जंट, झिंक, बाकीची द्रव्यं धातूच्या एकाच पृष्ठभागासाठी झगडतात. ते गणित बनवणाऱ्याने बसवलेलं असतं, बाटली ओतून आपण ते बिघडवतो.

सुरू करण्याआधी फिल्टर ऑइलने भरून बसवला. डिझेल लाइनची एअर पूर्ण काढली, कारण नवा कॅम असताना स्टार्टर मारत बसणं म्हणजे पेस्ट पुसत बसणं. स्टॉप नॉब ओढून धरून थोडं थोडं क्रँकिंग केलं, मधे स्टार्टरला गार होऊ दिलं. गेजचा काटा हलल्यावरच नॉब सोडला. इंजिन लागताच थ्रॉटल बाराशे-पंधराशेवर. वीस मिनिटं त्याच टप्प्यात, थोडं वर-खाली. आयडलिंगवर एकदाही आणलं नाही. सुरुवातीला रॉकर कव्हर उघडंच ठेवलं होतं. पुशरॉडांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता, सहाही ठिपके संथपणे फिरताना दिसले आणि मगच कव्हर बसवलं. एखादा ठिपका जागच्या जागी राहिला असता तर लगेच बंद करायचं, हे आधीच ठरलं होतं.

गार झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलले. काढलेलं ऑइल करडं होतं. ती पेस्ट, घाबरायचं कारण नाही. हेडचे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे तपासले, टॅपेट बसवले. मग अंगणात उभं न ठेवता ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली जोडून रस्त्यावर, दुसऱ्या दिवसापासून हलक्या नांगरटीला. लोड मध्यम, वेग बदलता. पन्नास तासांना पुन्हा ऑइल. तेव्हा फिल्टर कापला तर घड्यांत हाताला लागण्याजोगी कणी नव्हती. पाच टॅपेटांचा क्लिअरन्स जागेवर होता, एकाचा किंचित वाढला होता. तो बसवला, पुढे तो हलला नाही.

ऑइलचा खप मात्र अपेक्षेपेक्षा थोडा जास्त राहिला. पहिल्या आयडलिंगने आलेली झिलई होनिंगने पूर्ण गेली नसावी, असं माझं मत. नानांना ते सांगितलं, पुढच्या कामापर्यंत चालेल असंही सांगितलं.

राहिला खर्च. मिस्तरी मजुरी घ्यायला तयार नव्हता आणि नाना पार्टचे पैसे त्याच्याकडून घ्यायला तयार नव्हते. शेवटी पार्ट नानांचे, मजुरी मिस्तरीची, ऑइल पुण्याच्या मुलाचं, असं ठरलं. कापसाची लागवड आठवडाभर उशिरा झाली, ती भाड्याच्या ट्रॅक्टरवर. मिस्तरीच्या फळीवर आता पेस्टची ट्यूब असते, आणि महिनाभर उभ्या राहणाऱ्या इंजिनाच्या ताडपत्रीवर तो खडूने बांधणीची तारीख लिहितो.